अर्धा कठडा

डब्याचं झाकण उघडलं आणि पॉलिशवाला थबकला. स्पिरिटचा डबा उघडला की वास अंगावर धावून येतो. इतकी वर्षं रोज सकाळी तो असाच आला होता. आज काहीच आलं नाही. त्यानं डबा हलवला, नाक अगदी कडेपर्यंत नेलं. काही नाही.

"दुकानदारानं फसवलं बघ," तो मेहुण्याला म्हणाला. "निव्वळ पाणी भरून दिलंय."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सुतार. जिन्याखालच्या कपाटाचं दार बसवत होता. हातातला रंधा ठेवून तो आला, डब्यावर वाकला आणि कुणीतरी थोबाडीत मारावी तसा मागे सरला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"काय दाजी, सकाळी सकाळी चेष्टा? मेंदूपर्यंत गेलं माझ्या."

पॉलिशवाल्यानं पुन्हा वास घेतला. मग शेजारच्या सरसाच्या भांड्याचा घेतला. मोरीत जाऊन साबणाची वडी नाकाला लावली. परत आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघूनच मेहुण्याला कळलं. त्या दिवसांत ही खूण पोरासोरांनाही पाठ झाली होती. मेहुणा आपसूक दोन पावलं मागे गेला, आणि मग लाज वाटल्यासारखा एक पाऊल पुढे आला.

"ताप?"

"काल अंग मोडून आलं होतं. मला वाटलं, टाकी धुतली म्हणून."

बंगला नवा होता. दोघं कामावर आले तेव्हा काम जेमतेम महिन्याभराचं होतं: खाली दिवाणखान्याची कपाटं, दारं आणि वर जाणारा सागवानी जिना. वरचा मजला तयार होता म्हणून घरची मंडळी तिथं राहायला आली, आणि तेवढ्यात सगळं बंद झालं. दुकानं, रस्ते, गाड्या, सगळंच. साहेब तेव्हा जिन्यात उभे राहून म्हणाले होते, "आता कुठं जाणार तुम्ही? गॅरेज रिकामं आहे, इथंच राहा. दोन वेळचं जेवण आमच्याकडून. काम चालू ठेवा म्हणजे झालं." पॉलिशवाल्याला भरून आलं होतं. त्यानं लगेच घरी फोन करून बायकोला सांगितलं, "काळजी करू नकोस, नशीब काढलंय आम्ही. मालक देवमाणूस आहे."

मग एक दिवस बाईसाहेब म्हणाल्या, जरा टाकी धुवून घ्या. नंतर जरा गच्चीवरची गळती बघा. जरा गाडी पुसा. गाडी कुठंही जात नव्हती, तरी ती रोज पुसायची. मागची जमीन जरा खणून वाफे करा. त्या घरात 'जरा' हा शब्द फार स्वस्त होता. दिवस जरा-जरा करत संपायचा आणि संध्याकाळी साहेब कठड्यावरून बोट फिरवून म्हणायचे, "पॉलिशचं काम फारच रेंगाळलं बुवा." मजुरीचा विषय काढला की ते दुखावल्यासारखे बघायचे. "अरे, सगळं जग बंद पडलंय आणि तुला पैसे सुचतायत? जेवतोयस ना व्यवस्थित?" जेवत तर होते दोघंही. त्यामुळे पुढं बोलायला तोंडच उरत नसे.

बाहेरचं सगळं आणायचं कामही याचंच. घरातलं कुणी फाटकाबाहेर पाऊल टाकत नव्हतं. भाजीच्या रांगेत, औषधांच्या रांगेत, गॅसच्या रांगेत पॉलिशवाला उभा. पिशव्या फाटकापाशी ठेवायच्या, मग बाईसाहेब हातमोजे घालून त्या धुवायच्या.

मधे गावाकडं जाणाऱ्या गाड्या सुटायला लागल्या. मेहुण्यानं बोचकं बांधलंसुद्धा. साहेब म्हणाले, "जा की, मी कोण अडवणारा? पण काम अर्धवट टाकून गेलात तर हिशोब कसला करू सांगा." पॉलिशवाल्यानं रात्रभर विचार केला आणि मेहुण्याला थांबवलं. इथं निदान डोक्यावर छप्पर आहे, असं तो म्हणाला. मेहुण्यानं बोचकं सोडलं. पण तेव्हापासून तो कमी बोलायला लागला होता.

आता मात्र तो भराभर बोलत होता, आवाज दाबून.

"गप्प बसा दाजी. कुणाला कळत नाही. तुम्ही गॅरेजमध्ये पडून राहा, पोट बिघडलंय म्हणून सांगतो मी. आठवड्यात बरे व्हाल. सांगितलंत तर आत्ताच्या आत्ता बाहेर काढतील."

"आणि आजी?"

मेहुण्यानं जिन्याकडं पाहिलं.

आजी म्हणजे साहेबांची आई. वरच्या मजल्यावर प्रत्येकजण आपापल्या खोलीत, आपापल्या पडद्यासमोर बसलेला. म्हातारीशी बोलायला कुणाला वेळ नव्हता. म्हणून नाश्ता झाला की ती मटाराची नाहीतर कसलीतरी परडी घेऊन जिना उतरायची आणि खालून तिसऱ्या पायरीवर बसायची. पॉलिशवाला कठडा घासायचा, ती शेंगा सोलायची आणि बोलायची. नवऱ्याबरोबर या शहरात पहिल्यांदा आली तेव्हा एका खोलीत सात माणसं राहायची, ते सांगायची. "भांडायला बाहेर जावं लागायचं आम्हाला," असं म्हणून स्वतःच हसायची. त्याला ती 'कारागीर' म्हणायची. "काय कारागीर, आज कुठवर आलात?" तो म्हणायचा, "आलो, तुमच्या पायरीपर्यंत आलो." कधी सूनबाईंची एखादी तक्रारही ती हळूच त्याच्या कानात घालायची. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. कुणीतरी शेजारी बसून नुसतं बोलत राहावं, यात एवढं सुख असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

वर दार वाजलं. तोच चपलांचा आवाज, एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी.

"आजी, तिथंच थांबा," पॉलिशवाला ओरडला. आवाज नको इतका मोठा झाला. "खाली येऊ नका आज."

"का रे?"

"पॉलिश ओलं आहे. वास फार आहे."

"मग काय झालं? रोजच असतो." अजून एक पायरी. "सरक जरा, बसू दे मला. गुडघे बोलायला लागलेत."

त्यानं मेहुण्याकडं पाहिलं. मेहुण्यानं डोळ्यांनी 'नको' म्हटलं. म्हातारी आणखी एक पायरी उतरली. तिचा हात कठड्यावर होता, त्यानं परवाच संपवलेल्या भागावर.

"आजी, मला झालाय तो आजार," तो म्हणाला. "मागं फिरा. आणि हात धुवा साबणानं. लगेच धुवा."

म्हातारी जागच्या जागी थांबली. परडी छातीशी धरून ती त्याच्याकडं बघत राहिली, ओरडली नाही की घाबरली नाही. "ताप आहे का तुला?" तिनं विचारलं. एवढ्यात आवाज ऐकून साहेब बाहेर आले.

पुढचं सगळं फार भराभर झालं. बाईसाहेबांनी म्हातारीला दंडाला धरून आत नेलं. साहेब नाकातोंडावर रुमाल दाबून वरच्या वळणावर उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता.

"कधीपासून लपवतोयस?"

"आत्ताच कळलं साहेब. कळल्याबरोबर सांगितलं."

"माझी आई ऐंशीची आहे रे. तिला काही झालं म्हणजे?"

"म्हणून तर सांगितलं."

साहेब एक पायरी मागे चढले. मग म्हणाले, "निघा तुम्ही. दोघंही. कशाला हात लावू नका. हत्यारं, डबे, सगळं तसंच ठेवा, नुसते बाहेर पडा."

"हत्यारं माझी आहेत," मेहुणा म्हणाला. "त्यावर पोट आहे."

"नंतर न्या. कुठं पळून जात नाहीत ती."

"आणि आम्ही जायचं कुठं? इस्पितळात फोन तरी करा एक."

"करतो, करतो. तुम्ही आधी फाटकाबाहेर व्हा."

फोन त्यांनी केला की नाही, हे कळलं नाही. दोघं फाटकाबाहेर पायरीवर बराच वेळ बसून राहिले. कुणी आलं नाही. उन्हं वर चढली तशी पॉलिशवाल्याला हुडहुडी भरायला लागली. मग ते चालायला लागले. रस्ता रिकामा होता. एका कडेनं हा, दुसऱ्या कडेनं मेहुणा, मधे अख्ख्या रस्त्याची रुंदी. त्यामुळे भांडणही मोठ्यानं करावं लागत होतं.

"शाबास दाजी! आता तुमचा सत्कार ठेवू या चौकात. हार कोण आणणार तेवढं सांगा."

"मग काय करायला हवं होतं मी?"

"त्यांच्याच भाजीच्या रांगेत लागलं ना हे तुम्हाला? त्यांनी विचार केला होता तुमचा?"

"त्यांनी नाही केला. पण म्हातारीनं काय केलंय आपलं?"

मेहुणा थुंकल्यासारखं करून पुढं चालायला लागला. थोड्या वेळानं त्यानं मागं पाहिलं, तर पॉलिशवाला एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसला होता. मेहुण्यानं तिथंच उभं राहून दोन-चार शिव्या घातल्या. कुणाला घातल्या ते त्याचं त्यालाच माहीत. मग तो रस्ता ओलांडून आला, बहिणीच्या नवऱ्याचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि त्याला उठवलं.

"लांब राहा," पॉलिशवाला म्हणाला.

"गप्प बसा आता. ताईला तोंड दाखवायचंय मला."

एका शाळेचं इस्पितळ केलं होतं. वर्गांत खाटा होत्या, बाकं व्हरांड्यात एकावर एक रचलेली. पॉलिशवाल्याचे पहिले दिवस वाईट गेले. श्वास घेताना कुणी छातीवर बसल्यासारखं व्हायचं. मेहुण्याला दुसऱ्या इमारतीत ठेवलं होतं. त्याला थोडा खोकला झाला आणि गेला. रोज तो खिडकीखाली उभा राहून ओरडायचा, "जिवंत आहात ना दाजी?" आणि पॉलिशवाला हात वर करायचा. एक दिवस हात वर करता आला नाही. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसानं त्याच्या वतीनं केला.

पण तो उठला. दोघं सरकारी गाडीनं घरी पोचले. बायको दारातच रडली आणि भावाला म्हणाली, "दोघांनाही आणलंस रे." मेहुण्यानं तिला काही सांगितलं नाही, जिन्याचंही नाही. पॉलिशवाल्यानंच पुढं कधीतरी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "बरं केलंत." तेवढंच.

वास मात्र परत आला नाही. चुलीवर काय शिजतंय ते त्याला झाकण काढून बघावं लागे. डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर पॉलिश करता येईल, असं तो लोकांना सांगायचा. पण पहिल्यासारखा हात बसेना, म्हणून भिंतींचा रंग द्यायच्या कामाला जायला लागला.

सगळं पुन्हा उघडल्यावर साहेबांचा फोन आला. आवाज एकदम मोकळा, ओळखीचा.

"अरे, कसा आहेस? ये की आता. जिना तसाच पडलाय. अर्धा चमकतोय, अर्धा कोरा. येणारा जाणारा हसतो."

"साहेब, आधीचा हिशोब..."

"कसला हिशोब? एवढे दिवस राहिलात, खाल्लंत, ते मी कधी मोजलं का? उलट तुमच्यामुळं सगळं घर औषधानं धुवून घ्यावं लागलं. जाऊ दे, ते धरत नाही मी. बरोबरीत सुटलो आपण."

पॉलिशवाल्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मेहुणा समोरच बसला होता. फोन हिसकावून घ्यायला त्याचे हात शिवशिवत होते.

"टाकी धुतली, गच्ची केली, बाग खणली, तेही मी मोजलं नाही साहेब," पॉलिशवाला म्हणाला. "मोजायला हवं होतं. जिन्याला दुसरा माणूस बघा."

"दुसरा कुठून आणू? रंग जुळायला नको?"

"आजी कशा आहेत?"

"बरी आहे," साहेब म्हणाले आणि फोन बंद झाला.

पुढं रंगाच्या कामासाठी त्याच शहरात जाणं झालं. मेहुण्याची हत्यारं अजून तिथंच होती, म्हणून एका दुपारी पॉलिशवाला बंगल्यावर गेला. फाटकावर आता नवा पहारेकरी होता. त्यानं आत फोन केला, उत्तर ऐकलं आणि गॅरेजमधून दोन पोती आणून फाटकाबाहेर ठेवली. रंधे गंजले होते. पटाशीची मूठ फुटली होती.

पोती बांधत असताना वरून हाक आली, "कारागीर!"

वरच्या खिडकीत म्हातारी होती. बारीक झालेली, केस मोकळे. गजांना धरून उभी.

"बरा झालास का रे?"

"झालो आजी. तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय? काही झालंच नाही मला." तिनं मागं वळून पाहिलं. "तू गेलास तेव्हापासून जिना उतरू देत नाहीत. खाली माणसं येतात म्हणे. जेवण इथंच, सगळं इथंच. पूर्वीची खोली बरी होती, सात माणसं तरी होती."

आपण तिला मागं फिरा म्हटलं, ते ती अजून फिरलेलीच आहे, असं त्याच्या मनात आलं.

"वर ये की," ती म्हणाली. "पाणी तरी पिऊन जा. उन्हाचा आलास."

त्यानं पहारेकऱ्याकडं पाहिलं. पहारेकरी शेजारच्या झाडाकडं बघायला लागला.

"आज घाई आहे आजी. पुन्हा येईन निवांत."

"ये हं."

"येतो."

त्यानं एक पोतं खांद्यावर घेतलं, दुसरं हातात. ओझं फार नव्हतं, झपझप गेला असता तर लगेच वळणापलीकडं पोचला असता. पण खिडकी बंद झाल्याचा आवाज आला नव्हता. तिला जास्त वेळ दिसावं म्हणून तो सावकाश चालत राहिला.