उंबरधारची अठरा घरं

दीपेश सावंतांना कोथिंबीर वडी खाता खाता संगणकाच्या पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवून बोलायची सवय होती. त्यामुळे महाडमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात पोलादपूर तालुका कायम तेलकट असे. अनुपमा रोज सकाळी ओल्या फडक्याने डोंगर पुसी, नद्या पुसी, आणि तरीही खालच्या कोपऱ्यात एक बोटाचा ठसा चिवटपणे उरत असे. वातानुकूलन यंत्रातून आंबूस, ओल्या पोत्यासारखी हवा येई. दीपेशसरांच्या सुगंधी सुपारीचा वास तिच्यात मिसळला की अनुपमाला वाटे, आपण श्वास घेत नाही, कुणाच्या तरी तोंडातलं उष्टं घेतो आहोत.

काम सांगायला सोपं होतं. पावसाळ्याआधी दरडीच्या पट्ट्यात येणाऱ्या घरांची यादी शासनाला द्यायची होती. यादीत ज्यांचं घर, त्यांना दुसरीकडे जागा मिळणार; ज्यांचं नाही, त्यांनी आहे तिथेच राहायचं. पण माहिती चार मुलुखांतून चार भाषा बोलत आली होती. भूवैज्ञानिकांनी आखलेले धोक्याचे पट्टे एका साच्यात, रस्त्यांचे आराखडे ठेकेदाराच्या दुसऱ्या साच्यात, गावांच्या हद्दी जुन्या कागदी नकाशांवरून उतरवलेल्या, आणि घरोघर फिरून भरलेले अर्ज मोबाइलच्या ॲपमधून आलेले. या चौघांना एका भाषेत आणणारं सॉफ्टवेअर अनुपमा चालवत असे. पडद्याच्या डाव्या कडेने माहिती आत शिरे, मग डब्यांमागून डबे, डब्यांना जोडणारे बाण. एक डबा अक्षांश-रेखांश एका मापात आणी, दुसरा नावं जुळवी, तिसरा पट्टा आणि घर एकमेकांवर ठेवून पाही. उजव्या कडेला शासनाला हवी तशी फाइल पडे. प्रत्येक बाणावर एक आकडा उमटे: इतक्या नोंदी इथून गेल्या.

ही सगळी मांडणी तिने एकटीने दोन महिने बसून बांधली होती. एका डब्याला तिने स्वतः नाव दिलं होतं, ‘शुद्धीकरण’. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा आलेल्या नोंदींतली एक ठेवून बाकीच्या तो गाळून टाकी. ते नाव सुचलं तेव्हा तिला थोडा अभिमानही वाटला होता.

मे महिन्याच्या त्या मंगळवारी तिने शेवटची फेरी चालवली. शुद्धीकरणाच्या डब्यात पोलादपूरच्या दोन हजार तीनशे चौदा नोंदी शिरल्या आणि एक हजार आठशे एकाहत्तर बाहेर आल्या.

“चारशे त्रेचाळीस गेल्या,” ती म्हणाली.

“कचरा गेला,” दीपेशसर वडी चावत म्हणाले. “ही सर्व्हेवाली पोरं एकच फॉर्म दहादा पाठवतात. बरं झालं. उद्या संध्याकाळी फाइल द्यायची आहे, लक्षात आहे ना?”

शेजारच्या टेबलावरून तसनीमने मान वर केली. हद्दी उतरवण्याचं काम तिच्याकडे होतं. “सर, कचरा म्हणू नका, अनुच्या हातचा आहे. तिला वाईट वाटतं.”

“तू तुझ्या हद्दीत राहा,” दीपेशसर हसले, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हात पुसायला कागद शोधू लागले.

अनुपमाने गाळलेल्या नोंदी उघडल्या. तसं करायची गरज नव्हती. डब्याने काम चोख केलं होतं. पण कित्येक नोंदींत कुटुंबप्रमुखाचं नाव वेगळं होतं, माणसांची संख्या वेगळी होती, गुरांची वेगळी होती. जागा मात्र दशांशानंतरच्या सातव्या आकड्यापर्यंत एकच. कापडे गावाच्या वर, कुडपणच्या पठाराच्या पोटाशी उंबरधार नावाची वाडी आहे. तिथली अठरा कुटुंबं एका बिंदूवर उभी होती, एकमेकांच्या अंगात अंग घालून. शुद्धीकरणाने त्यांतलं एक ठेवलं होतं. आणि तो बिंदू धोक्याच्या पट्ट्याच्या बाहेर, वरच्या सपाटीवर होता.

म्हणजे अंतिम फाइलमध्ये उंबरधार एका घराची होती, आणि ते एक घर सुरक्षित होतं.

तिने अर्जांसोबत आलेले फोटो काढले. अंतिम साच्यात फोटोंना जागा नव्हती, म्हणून ते पहिल्याच डब्यात मागे पडले होते. अठरा फोटो. अठरा कुटुंबं, सणासुदीच्या कपड्यांत, पोरांचे केस तेल लावून चापून बसवलेले. प्रत्येकाच्या मागे चुना फासलेला एकच मोठा काळा दगड.

तिने मालोजीला फोन लावला. मालोजी सर्व्हेवाल्या पोरांपैकीच एक, उंबरधारसह बऱ्याच वाड्यांचा सर्व्हे त्याने केला होता.

“ताई, तिथं रेंज कुठं हाय?” तो म्हणाला. “अख्ख्या वाडीत रेंज म्हंजे तो वरचा दगड. मुंबईला पोराशी बोलायचं तर सगळी तिथंच चढतात. मी पण तिथंच बसून भरले.”

“घरोघर नाही गेलास?”

“जाणार होतो की. पण ती माणसंच वर आली ना! म्हणाली, तू पाहुणा, उन्हाचा कशाला खाली उतरतोस, आम्हीच येतो. चहा आणला, भाकरी आणली. माझा गुडघा दुखत होता, मी पण नको म्हटलं नाय. आणि ॲप जागा घेतंय ती फॉर्म पाठवताना. बटण दाबाल तिथली.” तो थांबला. “का ओ ताई? काय चुकलं का?”

अनुपमाने फोन खाली ठेवला. पाहुण्याचे पाय दुखू नयेत म्हणून अठरा घरं डोंगर चढून वर आली होती, आणि तिच्या डब्याने त्यांना त्या आदरातिथ्याच्या जागीच गाडून टाकलं होतं.

“सर, या नोंदी परत घ्याव्या लागतील.”

दीपेशसरांनी ऐकून घेतलं. ऐकताना त्यांची नजर घड्याळावर होती. “परत घेऊन काय करणार? घेतल्या तरी दगडावरच पडतील. पट्ट्याच्या बाहेरच.”

“म्हणूनच जागेवर जाऊन घरं मोजायला हवीत.”

“एका वाडीसाठी?” ते खुर्चीत मागे रेलले. “आणि मला एक सांग. तो गाळायचा डबा कुणी बसवला?”

“मी.”

“मग?” ते म्हणाले. तिला त्यांचा राग आला नाही. राग स्वच्छ असतो. हे वेगळं होतं. वापरलेल्या पाण्यात हात घातल्यावर जे अंगभर सरसरत जातं, ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आजारपणाची रजा टाकली, कार्यालयातलं हातात मावणारं जीपीएस यंत्र पिशवीत घातलं आणि मालोजीच्या मोटारसायकलवर मागे बसली. या यंत्राला रेंज लागत नाही, आकाश पुरतं. पोलादपूर मागे पडलं, कापडे मागे पडलं. भाताची खाचरं भाजून काळी पडली होती आणि चढणीवर करवंदांच्या जाळीत पोरं घुसली होती. डांबर संपलं तिथे मालोजीने गाडी लावली.

दगडापाशी माणसं आधीच जमली होती. मालोजीने फोन केला होता. सत्तरीची एक बाई किटली घेऊन पुढे आली. वाडीच्या वतीने बोलायचा मान तिचा असावा.

“ही राहीबाई,” मालोजी म्हणाला.

“काय गो बाय, पुन्हा फोटू?” राहीबाई म्हणाली. “मागचं चांगलं नाय आलं का? या येसाजीनं डोळं मिटलं असणार. मेला लग्नात पण मिटून उभा होता.”

“तेव्हा उघडं ठेवलं असतं तर पळालो असतो,” मागून एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले.

“फोटो नको, आजी. मला घरं बघायची आहेत. खाली.”

हसू थांबलं. “खाली काय हाय बघायला? गोठं नि शेणखई,” राहीबाई म्हणाली. “उतार वाईट हाय गो. तू शहरातली, पाय मुरगळशील. काय हवं ते इथं विचार. आम्ही हावंच की सगळी.”

“मी खालीच येणार,” अनुपमा म्हणाली. आपला आवाज नको तितका कोरडा झाला, हे तिला कळलं. राहीबाईचा चेहरा उतरला. पाहुणीने जणू हातातला चहा ओतून टाकला होता.

उतार खरोखर वाईट होता. घरं कड्याच्या कुशीत एकाखाली एक अशी बसली होती, पायऱ्यांवर भांडी मांडावीत तशी. अनुपमा प्रत्येक उंबऱ्यापाशी उभी राहून आकडे स्थिर व्हायची वाट पाही, मग बटण दाबी. एक. दोन. तीन. राहीबाई मुकाट मागून येत होती. तिचं घर अकरावं. घराच्या मागे परसात, भिंतीपासून चार हातांवर, जमिनीत एक लांब रेघ होती. तिच्यात भाताचं तूस कोंबलेलं होतं, वर दगड रचलेले.

“हे काय, आजी?”

“भेग हाय. वासराचा पाय अडकतो, म्हणून भरली.”

“कधीपासून आहे?”

“गेल्या पावसापासनं. आधी बोट जात होतं, आता हात जातो. दर महिन्याला एक पोतं तूस खाते मेली.”

“मालोजी आला तेव्हा नाही दाखवलीत?”

राहीबाईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू या मुलीला कुणी काही शिकवलेलंच नाही. “भेग काय पाहुण्याला दाखवायची वस्तू हाय?”

मालोजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अनुपमा खाली वाकली आणि तुसात हात घातला. तो कोपरापर्यंत गेला. आतून थंड, कुबट हवा बोटांना लागली. मग तिने उरलेली सात घरं मोजली.

दुपारी तीनला ती कार्यालयात परतली तेव्हा दीपेशसर तिच्याच खुर्चीत बसले होते. पडद्यावर ताजे ठसे होते.

“ताप उतरला?” त्यांनी विचारलं.

तिने यंत्र जोडलं, अठरा बिंदू आत घेतले, फेरी चालवली. अठरा शिरले, अठरा बाहेर आले. अठराही धोक्याच्या पट्ट्यात. मग तिने दुसरी फाइल उघडली. गाळलेल्या चारशे त्रेचाळीस नोंदींची जागेनुसार तिने काल मोजणी केली होती. “सर, त्या सगळ्या मिळून एकतीस जागा आहेत. दोन-चार खऱ्या पुनरावृत्ती असतील. बाकी अशाच वाड्या. प्रत्येकीचा असा एखादा दगड असणार, नाहीतर देऊळ, नाहीतर झाड. निदान त्यांच्यापुढे ‘जागा अनिश्चित’ असं लिहून द्यायला हवं.”

“अनिश्चित असा रकानाच नाही साच्यात.”

“मग वेगळं पत्र जोडू.”

“म्हणजे मी स्वतःच्या हाताने लिहून देऊ, की आमचा सर्व्हे दगडावर बसून झाला?” त्यांनी सुपारीची पुडी फोडली. आवाज अजिबात चढला नाही. उलट मऊ झाला, आणि तो मऊपणाच तिला जास्त ओंगळ वाटला. “हे बघ. तू मेहनत घेतलीस, मला कदर आहे. उंबरधार टाकू. अठराच्या अठरा. पण बाकीचं आहे तसं जाईल. आणि दाखल्यावर सही तुझी. मांडणी तुझी आहे, सहीसुद्धा तुझीच हवी.”

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. ‘सर्व नोंदी तपासून शुद्ध केल्या आहेत.’ खाली रिकामी ओळ.

“सही नाही केली तर?”

“तर माझी करीन. कालच्या फाइलवर. त्यात उंबरधारचं एक घर आहे, सपाटीवरचं. छान, हवेशीर.”

तसनीम उठून तिच्याजवळ आली. “अनु,” ती हळू म्हणाली, “अठरा घरं तरी घे. हातात आलेली सोडू नकोस. तीस वाड्यांसाठी तू आज करणार काय आहेस?”

खरं होतं. तसनीमचं बोलणं नेहमी खरं असे, म्हणून ते टोचे. सही केली तर राहीबाईचं घर हलणार होतं. नाही केली तर फक्त अनुपमाचे हात स्वच्छ राहणार होते. स्वच्छ हातांची किंमत अठरा घरं. तिला शिसारी आली ती याची, की हा हिशेब इतका सरळ होता आणि तो मांडणारा माणूस दातांतली सुपारी जिभेने काढत तिच्याकडे पाहत होता. त्याहून मोठी शिसारी आली ती याची, की पेन आधीच तिच्या हातात होतं.

तिने सही केली. वळणदार, वाचता येईल अशी. दीपेशसरांनी कागदावर फुंकर घातली, जणू शाई ओली होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी फाइल गेली, आणि तिला सोडून परत वाडीवर गेलेल्या मालोजीला तिने अठरा घरं यादीत आल्याचं कळवलं. साडेपाचला मालोजीचा फोन आला. त्याच्या मागे माणसांचा गलका होता.

“ताई, सांगितलं सगळ्यांना! राहीबाय रडतेय. म्हणते, त्या पोरीला बोलले मी, खाली उतरली म्हणून. तुमच्यासाठी कोंबडा राखून ठेवणार म्हणते.” तो हसला, मग त्याचा आवाज उजळला, एखादी चांगली युक्ती सुचावी तसा. “ताई, मी काय म्हणतो, बाकीच्या वाड्यांवर पण मी असंच केलंय ओ. सगळीकडं वरूनच पाठवलेत. आता माझा गुडघा बरा हाय. उद्यापासून रोज दोन-दोन वाड्या करूया का? मी गाडी काढतो.”

अनुपमाने ओठांवरून जीभ फिरवली. दीपेशसर दारात उभे राहून पायात चपला सरकवत होते.

“यादी बंद झाली, मालोजी,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. उलट मऊ झाला.

“अशी कशी बंद? आत्ताच तर उघडली ना आपल्यासाठी?”

“तसा रकाना नाही साच्यात.”

पलीकडचा गलका ऐकू येत राहिला. कुणीतरी काहीतरी म्हणालं, पोरं हसली.

“बरं,” मालोजी म्हणाला. “मंग त्या लोकांनी विचारलं तर तुमचं नाव सांगू का साहेबांचं?”

“माझं सांग,” अनुपमा म्हणाली. “सही माझी आहे.”