कानावरची तगर

"मशीन विकूचा नाय, तर दुकान कशाक मांडलंस?" गुणाजी असा ओरडला, की रस्त्यावरचा भाजीवाला आत डोकावला.

कापडगिरणीत मागांच्या खडखडाटानं त्याचे कान गेले. संपानंतर गिरणी सुटली. तेव्हापासून चारकोपला खाडीकडच्या खारट तुकड्यात तो उन्हातान्हात माठ-मुळा काढी. बायको शेवंती काही बोलली, की त्याला वाटे शिव्याच देतेय. रोजची भांडणं. शेवटी वैतागून तीच त्याला बोरिवलीला, कानाच्या मशीनच्या दुकानात घेऊन आली.

आणि दुकानातली उत्तरा कानाचं मापच घेईना!

"आधी ते फूल काढा."

"देवाचा फूल हा तां!" शेवंती फणकारली. पहाटे रवळनाथाला वाहिलेली तगर नवऱ्याच्या उजव्या कानावर खोवायची, हा तिचा नेम.

"मावशी, काढा म्हटलं ना!"

शेवंतीनं रागानं फूल ओढलं. पाकळीबरोबर खपली आली. खाली रक्त.

उत्तरानं दिवा जवळ घेतला. "हे कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपास्ना. चष्म्याची काडी घासता. हळद लावतंय, अंगारो लावतंय."

"काडी कानामागे बसते. ही जखम वरच्या कडेवर आहे. आता शिमगा आला, तरी भरत नाही? मी डॉक्टर नाही. पण हा कॅन्सरही असू शकतो. मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासा. मशीन मागाहून."

"जळो तुझी जीभ!" शेवंती उसळली. "आमी ऐकूक येवचा म्हणान इलंव, नि ही मरणाचा सांगता! आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!"

"मला शिव्या द्या. पण जा."

"काय म्हणता गो ती?" गुणाजी खेकसला.

शेवंतीनं तळहाताकडे पाहिलं. पांढरी पाकळी लाल झाली होती. रोज सकाळी देवाच्या फुलाखाली आपण काय झाकत होतो, ते तिला आत्ता दिसलं.

"म्हणता, तुमचो कान कुसलो!" ती त्याच्या कानाशी किंचाळली. "उठा!"

हॉस्पिटलापर्यंत तो भांडत गेला. कॅन्सरच निघाला, पण पसरला नव्हता. डॉक्टरांनी कानाची वरची कड कापून काढली.

जखम भरल्यावर उत्तरानं डाव्या कानात मशीन बसवलं. दुसऱ्या सकाळी शेवंती तगर घेऊन आली आणि अडखळली.

"आता फूल खंय खोवतलंस?" गुणाजी गुरगुरला. "कान खाल्लंस माझो!"

"तोंडात धरा. घटकाभर गप तरी ऱ्हवशात."

शब्द न् शब्द त्याला ऐकू आला. इतकी वर्षं नुसता संशय होता. आता खात्री पटली.