कोंबड्यापायी पडलेला डाग

होय, मीच बोलतोय. मी एक डाग आहे. शाईचा नाही, तेलाचा नाही आणि चारित्र्यावरचा तर अजिबात नाही. नेवाशाच्या स्टीफन सरांनी घरासाठी कर्ज काढलं, त्याचा एक हप्ता उशिरा भरला गेला, त्या उशिराची नोंद म्हणजे मी. देशभरच्या कर्जदारांची माहिती साठवणाऱ्या एका कंपनीच्या संगणकात माझा मुक्काम असतो. सरांचा क्रेडिट रिपोर्ट काढला की मी दिसतो. वेळेवर भरलेल्या हप्त्यांची ओळीनं शून्यं, आणि मधेच मी. वरातीत सगळ्यांनी फेटे बांधावेत आणि एकानं हेल्मेट घालून यावं, तसा.

मला बोलायची सवय नाही. सवय कसली, सोयच ठेवलेली नाही. माझ्याजवळ महिना आहे, आकडा आहे. कारण लिहायला जागा नाही. तारीख खरी आणि बातमी अर्धी, अशी माझी गत. त्यातून माझ्याविषयी लोक इतकं खोटं बोललेत की आता गप्प बसणं मला जमणार नाही.

तर ऐका. माझा जन्म एका कोंबड्यामुळे झाला.

आमच्या भागातल्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. पीक घरात आलं की त्यातला पहिला वाटा देवाला आणायचा. कुणी बाजरीचं पोतं आणतं, कुणी उसाची मोळी, कुणी पपया, कुणी अंडी. उपासना झाली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला लागतात. मोठी सुरेख चाल आहे. फक्त ती पाडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. लिलावाला साडूही येतात.

स्टीफन सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. त्यांची बायको स्टेलाबाई आणि यशयाची बायको सख्ख्या बहिणी. यशयाचा टेम्पो आहे आणि तोंडही टेम्पोसारखंच, रिकामं असलं की जास्त वाजणारं. सरांनी घर बांधलं तेव्हा हा घर बघायला आला, सगळीकडे फिरला आणि म्हणाला, "झकास हाय मास्तर. पर हॉल कुठंय?" तो उभा हॉलमध्येच होता. तेव्हापासून दोघांचं जुंपलेलं.

त्या वर्षी सणाला एक लाल तुऱ्याचा गावरान कोंबडा आला. लिलाव पुकारायला मंडळीतले नोहा आजोबा. यशयानं पाचशे म्हटलं, सरांनी सहाशे. यशयानं हजार केले.

"बाराशे," सर म्हणाले.

"पगार झालाय वाटतं मास्तरांचा. दोन हजार! न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या पाव्हनं, पलीकडं अंडी हायेत, ती घ्या."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सरांचे कान लाल झाले. यानंतर जे झालं त्याला विज्ञानात नाव नाही. सर साडेसहा हजारांवर पोचले, तेव्हा यशयानं सावकाश हात खाली घेतला. "घ्या, तुमचाच. रस्सा लई ग्वाड लागंल."

सरांनी तिथल्या तिथे मोबाईलवरून पैसे भरले. दुसऱ्या दिवशी बँक हप्ता कापायला आली, तर खात्यात वडापाव-चहाइतकी रक्कम कमी. हप्ता परत गेला.

बँकेनं कळवलं नाही का? कळवलं की! इंग्रजीत मेसेज पाठवला. पण तो कुणाच्या रांगेत उभा केला? 'आपणास कर्ज मंजूर', 'नवं कार्ड घ्या', 'सोन्यावर पैसे उचला', 'तुमच्यासाठी खास विमा'. दिवसभर लांडगा आला म्हणून ओरडायचं, आणि खरा लांडगा आला की 'ग्राहकाने दखल घेतली नाही' असा शेरा मारायचा! सरांनी ती सगळी रांगच एका फटक्यात पुसली. चूक त्यांचीच होती. पण एकट्या त्यांचीच होती, असं मला कुणी सांगू नये.

महिना सरला आणि मी जन्मलो. पोर जन्मलं तर लोक पेढे वाटतात. माझ्या जन्माची खबर बापालाही नव्हती. पुढच्या हप्त्याच्या वेळी बँकेचा फोन आला, सरांनी दंडासकट सगळं भरलं, आणि विषय संपला असं समजून माझ्याकडे पाठ फिरवली.

कोंबडा मात्र वाचला. स्टेलाबाईंनी सुरी हातात घेतली, त्याच्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. "एवढ्या भावाचा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही. आता पोसा त्याला म्हातारा होईस्तोवर." तो आवारात राहिला. सर पेपर तपासायला बसले की नेमका खिडकीखाली येऊन आरवायचा.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीला, दयाला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी शुक्रवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. शैक्षणिक कर्जासाठी बापाची सही लागते आणि सहीआधी बापाचा रिपोर्ट निघतो. शाखेच्या मॅनेजर सुकन्या मॅडम, मूळच्या पाथर्डीकडच्या. त्यांचं बोट शून्यांवरून घसरत आलं आणि बरोबर माझ्यावर थांबलं.

"सर, हे काय?"

सरांनी घसा खाकरला. "डेंग्यू झाला होता, मॅडम."

मी थक्क झालो! कोंबड्याचा मुलगा मी, एका क्षणात डासाचा झालो.

"असं का? मग दवाखान्याचे कागद घेऊन या. वरच्या ऑफिसला जोडावे लागतील."

कागद कुठून येणार? सरांनी मग शिर्डीतला एक माणूस गाठला. हॉटेलच्या गल्ल्यामागं बसून तो म्हणे असले डाग पुसून द्यायचा. "आत आपली माणसं आहेत सर, उद्या रिपोर्ट आरशासारखा." त्यानं आगाऊ पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा बंद फोनच आरशासारखा झाला, आपलंच तोंड बघत बसावं. मी एकदाच सांगतो, कान देऊन ऐका. नोंद चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते. नोंद खरी असेल तर ती कुणाच्या बापाला पुसता येत नाही. पैसे घेऊन पुसणारा भेटला, तर तो तुमचा खिसा पुसतोय.

बुधवारी संध्याकाळी सर नोंद चुकीची असल्याची तक्रार लिहायला बसले. दया मागून वाचत होती.

"पप्पा, हप्ता चुकला होता की नाही?"

"चुकला होता."

"मग तक्रार कसली करताय? परवा माझी जागा जाईल, आणि तुम्ही खऱ्याला खोटं करत बसलाय!"

"बँकेत जाऊन कोंबड्याचं सांगा," आतून स्टेलाबाई म्हणाल्या.

"विज्ञानाचा शिक्षक आहे मी! मॅनेजरला कोंबड्याचं सांगू?"

"डास चालतो, कोंबडा चालत नाही?"

सरांनी तक्रार अर्धवटच बाजूला सारली. स्टेलाबाईंनी मात्र फोन उचलून बहिणीला लावला, आणि तिच्या नवऱ्याविषयी जे बोलायचं ते दार उघडं ठेवून बोलल्या.

गुरुवारी सर आणि दया मॅनेजरच्या केबिनमध्ये बसले होते. मी टेबलावर, छापील. सर 'त्याचं असं झालं' एवढंच म्हणून माझ्या कागदाची कडा दुमडत होते. तेवढ्यात बाहेर गलका झाला.

"ओ, कोंबडा आत न्यायचा नाही!" वॉचमन ओरडत होता.

"का न्हाई? ह्याचंबी खातं काढायचंय!"

यशया काखेत कोंबडा घेऊन केबिनमध्ये शिरला. सरांच्या आवारातूनच उचलून आणला होता. "म्याडम, ह्यो बघा. ह्याच्यापायी हप्ता चुकला. डेंग्यू न्हाई, फिंग्यू न्हाई. मी चढवत गेलो आन् मास्तर चढत गेले. मला कोंबडा नकोच हुता."

"नको होता?" सर ताडकन उठले.

"तुमास्नी पाहिजे हुता व्हय?"

सर पुन्हा खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. लिलाव, लाल झालेले कान, न वाचलेला मेसेज, शिर्डीचा माणूस. "डेंग्यूचं खोटं बोललो, मॅडम. लाज वाटली." माझ्या जन्मापासून माझ्याविषयी पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोलत होतं. मला भरून आलं.

मॅडम गंभीर होत्या. त्यांनी कोंबड्याकडे बघून विचारलं, "शेवटचा भाव काय गेला?"

सरांनी आकडा सांगितला.

"आमच्या गावच्या जत्रेत पहिल्या नारळाचा लिलाव होतो," मॅडम म्हणाल्या. "आमचे बापू पोस्टमन. भावकीतल्या एकानं डिवचलं म्हणून त्यांनी नारळापायी सायकल घालवली. वर्षभर पायी टपाल वाटलं. लोक विचारायचे, तर सांगायचे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." आणि त्या इतक्या हसल्या की वॉचमन डोकावून गेला.

मग हसू आवरून त्यांनी पेन उचललं. "डाग मी पुसू शकत नाही. पण कारण लिहू शकते. खरं असेल तरच. ते डेंग्यूचं मी लिहून पाठवलं असतं तर तुमच्याबरोबर मीही अडकले असते. आता शब्दावर भागणार नाही. वरचं ऑफिस जामीनदार मागेल." त्यांनी कागद फिरवून यशयासमोर ठेवला. "चढवलंत तुम्ही. करा सही."

यशयाचं तोंड पहिल्यांदाच रिकामं असून वाजत नव्हतं. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग दयाकडे.

"काका," दया हळूच म्हणाली, "या वेळी हात खाली नका घेऊ."

यशयानं कोंबडा सरांच्या मांडीवर ठेवला आणि सही केली. वरून मंजुरी आली. शुक्रवारी फी भरली गेली.

दया आता इंजेक्शन द्यायला शिकली आहे आणि सरावासाठी काकांचाच दंड मागते. मीही कडेला आलोय. माझ्यापुढं एकेक नवं शून्य येऊन बसतं आणि मी मागं सरकतो. तीन वर्षं झाली की या पानावरून मला उतरावं लागतं. येता हंगामाचा सण झाला की मी नसेन. दुःख नाही. जाता जाता एकच मागणं आहे. कुणाच्या रिपोर्टावर माझा भाऊबंद दिसला, तर त्या माणसाला आधी कारण विचारा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर पहिल्याच झटक्याला खरं सांगा. डासांना बदनाम करू नका.

माझ्यामागं सरांना आठवण कोण देणार, ही काळजीही उरलेली नाही. जामीनदार झाल्यापासून यशया हप्त्याच्या तारखेला सकाळीच टेम्पो घेऊन येतो आणि फाटकाशी हॉर्न वाजवतो. हॉर्न ऐकून कोंबडा आरवतो. आणि दोघांच्या वर आवाज चढवून सर आतून ओरडतात, "भरला रे बाबा, भरला!"