यादीखालची सही

नववीच्या प्रवेशाची यादी फाटकावर लागली, तेव्हा मयूरी मोठ्या हौसेनं बघायला गेली. साताऱ्यातल्या त्या खासगी शाळेत ती गणित शिकवायची. प्रवेश परीक्षेचा पेपर तिनंच काढला होता, एकशे चाळीस उत्तरपत्रिकाही तिनंच तपासल्या होत्या.

यादी तिनं दोनदा वाचली. मायाचं नाव नव्हतं.

माया ही धनाजीची पोरगी. धनाजी माण तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा, साताऱ्यात रिक्षा चालवायचा आणि मयूरीला रोज शाळेत सोडायचा. "शंभरात ऐंशी पडू देत, मग तिला कुणी अडवत नाही," असं मयूरीनंच त्याला सांगितलं होतं. मायाला ब्याण्णव पडले होते. तेवढे दुसऱ्या कुणालाच नव्हते.

यादीच्या तळाशी छापलं होतं: 'प्रवेश केवळ गुणांनुसार.' खाली मयूरीची सही होती.

सही खरी होती. आठ दिवसांपूर्वी मुख्याध्यापिका गोदावरीबाईंनी कोरा कागद पुढं केला होता, "यादी टाइप व्हायचीय, तू सही करून ठेव." मयूरीनं विचारलंसुद्धा नाही. सांगलीला आठवीत असताना याच बाईंनी तिला घरी बसवून भूमिती शिकवली होती, पुढं या शाळेत आणलं होतं. त्यांना काय विचारायचं?

ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

"बाई, मायाला ब्याण्णव आहेत."

"माहीत आहे."

"मग?"

गोदावरीबाईंनी चष्मा काढून पुसला. "जागा चाळीस. बत्तीस संस्थेच्या लोकांनी आधीच सांगून ठेवल्या होत्या. उरलेल्या आठ आई-वडिलांकडं बघून भरल्या. रिक्षावाल्याच्या घरी कसला अभ्यास होणार, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं."

"मग परीक्षा घेतलीच कशाला?"

"ज्यांना नाही म्हणायचं त्यांनी मुकाट घरी जावं म्हणून. आपलंच लेकरू कमी पडलं असं वाटलं की माणसं भांडत नाहीत."

"आणि माझी सही?"

"तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे गं."

बाई हे अगदी प्रेमानं बोलल्या. वर्षानुवर्षं जिच्या पायाला हात लावला ती हीच का, असं तिला वाटलं. ती बाहेर पडली. गुणांची वही तिच्या पिशवीत होती.

धनाजी स्टँडवर भेटला. आज त्यानं रिक्षातून उतरून नमस्कार केला नाही.

"तुमीच म्हणाला न्हवं, ऐंशी पडू द्या म्हणून? पोरगी सकाळधरनं जेवली न्हाई, बाई. म्हणती, मीच ढ हाय."

"तिला ब्याण्णव आहेत, धनाजीराव. ती पहिली आलीय."

"मग खाली सही कुणाची हाय?"

मयूरीनं सगळं सांगितलं. कोऱ्या कागदाचंही सांगितलं. तिथंच वहीचं पान फाडून त्यावर मायाचे खरे गुण लिहिले, तारीख घातली आणि सही केली. "हे शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. बोलावलं तर मी येईन."

त्यानं कागद घडी करून खिशात टाकला. "ह्या सहीवर तरी इस्वास ठेवू व्हय?" म्हणाला आणि रिक्षा चालू केली.

मयूरीनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. शिक्षण खात्यानं कागदाची प्रत ठेवून घेतली, चौकशी करतो म्हणून सांगितलं; यादी काही बदलली नाही. माया तिच्या जुन्याच शाळेत नववीला बसली.

जूनच्या शेवटी मयूरी तिच्या घरी गेली. धनाजी दारातच होता. त्यानं 'या' म्हटलं नाही, पण वाट सोडली. माया आतून मयूरीच्या सहीचा तो कागद घेऊन आली. घडीवर तो फाटायला आला होता.

"बाई, माझे आठ मार्क कुठं गेले?"

मयूरी खाली बसली. "वर्तुळाच्या गणितात. वही आण."