चौथ्या गाण्याची नक्कल

लटारूनं सीडी बनियनच्या आत, पोटाशी धरून आणली होती. घोटपासून चामोर्शीपर्यंत बस हादरत आली आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा जीव खालवर झाला.

त्याची बायको मनकर्णा जाऊन सात महिने झाले होते. अठरा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका कंपनीची माणसं गावात आली आणि धान रोवण्याच्या वेळची बायांची गाणी भरून घेऊन गेली. सहा बाया, सहा गाणी. चौथं एकट्या मनकर्णाचं. प्रत्येकीला एकेक सीडी मिळाली होती. बाकीच्या पाच कुठं फुटल्या, कुठं हरवल्या. एक तर धानाच्या बांधीत पाखरं हाकलायला टांगलेली लटारूनं स्वतः पाहिली होती. कंपनीही केव्हाच बंद पडली.

परवा त्यानं आपली सीडी उजेडात धरली, तर चांदीत बारीक भोकं दिसली. मोजली, अकरा भरली. दुसऱ्या दिवशी मोजली, बारा. आदल्या दिवशी मोजण्यात चूक झाली असेल, पण तेव्हापासून त्याला घास गिळवेना.

जाफरचं मोबाइलचं दुकान बाजाराच्या तोंडावर होतं. लटारूनं आधी मागंपुढं पाहिलं, मगच सीडी काढली. सीडीच्या खोक्यावर छापलं होतं, 'नक्कल करणे गुन्हा आहे.' खाली कैदेचं लिहिलं होतं. एवढं त्याला वाचता येत होतं.

"इतकी लपवून काऊन आणली, भाऊ? गांजा हाय का?" जाफर हसला.

"बायकोचं गाणं हाय. मोबाइलात पाह्यजे."

जाफरचं हसू गेलं. त्यानं सीडी संगणकात घातली. आत घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. पडद्यावर कंपनीचं चित्र आलं. गाणी काही दिसेनात.

"कुलूप हाय हिले," जाफर म्हणाला. "नक्कल होऊ नये म्हणून कंपनीनंच घातलं. थांबा, तोडाचा एक—"

"काढ. तिले आत फिरवून राह्यला तू. काढ."

जाफरनं सीडी काढली. लटारूनं ती उजेडात धरली आणि भोकं मोजू लागला.

जाफरची बहीण उमेरा चंद्रपूरला वकिली शिकत होती. सुटीत घरी आलेली ती जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली होती. खोक्यावरचं वाचून म्हणाली, "काका, सीडी तुमची हाय. आपल्यापुरतं ऐकाले नक्कल केली तं कायदा आडवा येत नाई. विकाची नाई, वाटाची नाई, बस."

"मंग कुलूप काऊन लावलं?"

"कंपनीले चोर आणि तुम्ही वेगळे दिसत नाई ना."

"तुले पक्कं माहीत हाय? पोलीस आले तं तू येशील का?"

"हिले अजून दोन वर्षं हाय वकील व्हाले," जाफर म्हणाला. "तवर नका सापडू."

लटारूला हसू आलं नाही.

उमेरालाच सुचलं. हे कुलूप फक्त संगणकाला अडवतं. अब्बांचा सीडी वाजवायचा जुना डबा घरात आहे, त्यात गाणं वाजेल. वाजत असताना लटारूचा मोबाइल समोर ठेवून त्यात भरून घ्यायचं.

"पण एक सांगतो," जाफर म्हणाला. "सीडी लय खराब झाली. एकदा वाजन. दुसऱ्यांदा वाजन का नाई, सांगता येत नाई."

लटारूनं भोकं पुन्हा मोजली. वाजवली तर आजच संपेल. नाही वाजवली तर भोकं वाढतच जातील. शेवटी त्यानं सीडी पुढं केली. उमेरानं ती दोन्ही हातांनी घेतली.

घरून डबा आणून दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली. जाफरनं ओठांवर बोट ठेवलं आणि थेट चौथं गाणं लावलं.

आधी खरखर. मग मनकर्णा.

लटारू भिंतीला टेकून खाली बसला. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात धानाच्या रोपांची ओळ होती, 'पऱ्हा माझ्या हाती गं'. ती म्हणताना आवाज अडकला. हाती, हाती, हाती. जाफरचा हात बटनाकडं गेला, तसा लटारूनं तो धरला.

"थांबू नोको," तो डब्यातल्या मनकर्णाला म्हणाला. "थांबू नोको वं."

डब्यात कट् असं झालं आणि गाणं पुढं सुटलं. शेवटपर्यंत गेलं.

जाफरनं मोबाइलवर ऐकून पाहिलं. गाणं आलं होतं. मधे लटारूही आला होता.

"तुमचा आवाज भरला, भाऊ. पुन्हा लावतो."

पुन्हा लावली. डबा घरघरला आणि नुसता फिरत राहिला. तिसऱ्यांदाही तसंच. लटारूनं जाफरकडं पाहिलंच नाही.

डबा बंद करून जाफर म्हणाला, "मोबाइलातल्याले कुलूप नाई. तुमचा आवाज तेवढा कापून टाकतो. दोन मिनिटांचं काम."

"नाई."

"सफा होईन, भाऊ."

"तुया हात जरासा सरकला तं? ती बी जाईन त्याच्यासंग." लटारूनं मोबाइल त्याच्या हातून काढून घेतला. "मी राहतो तिथंच. काही बिघडत नाई."