धामणगावातला बर्फ

आमच्या ह्यांचा, म्हणजे गोकुळ पेंटरचा, धामणगाव बढ्यात एकेकाळी मोठा वट होता. दुकानाची पाटी असो का शाळेची भिंत, ह्यांच्याच हातची. मग फ्लेक्स आले अन् ब्रश डब्यात वाळून गेले. सहा वर्षं हा माणूस ओट्यावर बसून नुसता रस्ता पाहत राह्यला. मले त्या बसण्याची चीड यायची.

ह्या मे महिन्यात, शाळेच्या भिंतीचा फोटो पाहून, पुण्याच्या एका कार्डवाल्याचा फोन आला. नाताळाची कार्डं म्हणे उन्हाळ्यातच छापायला जातात. नमुन्याचं एक चित्र पाठवा, पसंत पडलं तर दरसाल काम. हे मले म्हणाले, "गीता, हे जमलं त बरं. नाई जमलं त ब्रश पुन्यांदा हाती घेणार नाई." हे बोलतात तेच करतात.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. हवेनं कागद फडफडते म्हणून कुलर बंद. वर मले गोधडी पांघरून बसवलं, थंडीत माणूस कसं बसते ते पाहाले.

"डोकं फिरलं का तुमचं?" मी म्हणलं.

"हालू नको वं. तुले हिव भरून राह्यलं," म्हणाले अन् हसले. सहा वर्षांनी हसले. मी घामानं निथळत बसून राह्यली.

चार दिवसांत चित्र झालं. चर्च, चांदणी, दारात गोधडीतली बाई, अन् झाडाझाडावर बर्फ. माहे डोळे भरून आले. लय झकास, मी म्हणलं.

ह्यांनी चित्राचा फोटो मोबाईलवर पाठवला. दुसऱ्याच दिवशी कार्डवाल्याचा जवाब आला. बाकी ठीक, पण बर्फ चुकला. बर्फ फांदीवर बसतो, तुमचा खाली लोंबतोय. आम्ही दुसरा चित्रकार पाहतो.

हे ते चित्र मांडीवर घेऊन बसले. मले म्हणाले, "टीव्हीत तू बर्फ पाह्यला ना?"

"हाव."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

मी खरं तेच सांगितलं. "मले त फुटलेली पऱ्हाटी दिसली. कापूस बोंडातून लोंबते तसाच. वाटलं, किती बरोबर काढलं."

"मलेही तसंच वाटलं," ते म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

नळ आठ दिवसांनी येते, तरी त्यांनी एकएक ब्रश स्वच्छ धुतला, पुसला अन् डबा माह्या हाती दिला. मी कुलर लावला, या म्हणलं. ते उन्हातच ओट्यावर जाऊन बसले.