निनावी गोळ्यांचा डबा

“औषध ठेवायचं तर वेष्टनासकट ठेव, नाव फाडू नकोस,” असं बजावून म्हाताऱ्या पेत्रानं मला सुनेच्या, रेमिहियाच्या हाती दिलं. मित्रांनो, मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आता बराच जुना झालेला. नवा होतो तेव्हा माझ्या झाकणावरच्या गुलाबांचं कोण कौतुक व्हायचं! नाताळची बिस्किटं संपली आणि इलोइलो शहराजवळच्या या घरात, बाळ येशूच्या मूर्तीखालच्या फळीवर, मी औषधांचा डबा झालो.

पण आमच्या गावात गोळ्या सुट्या मिळतात. दुकानदारीण कात्रीनं पाकिटातली एकच गोळी कापून देते. नाव राहतं तिच्याकडे, गोळी येते माझ्या पोटात. पेत्रा गेली, मला गंज चढला, निनावी गोळ्या साठत राहिल्या.

भाताची मळणी सुरू झाली की रेमिहियाचा नवरा पुलो शिंकून बेजार होई. शाळेच्या मुलांना तो तीनचाकीतून नेई-आणी. एकदा त्यानं सकाळी सर्दीची गोळी घेतली आणि दुपारी माझ्यातली शिंकांची. जेवता जेवता त्याची मान डुलू लागली. तरी तो किल्ली घेऊन उठला.

“मुलं खोळंबतील गं.”

“त्यांच्या घरी निरोप धाडते मी. तू आधी भाताला नमस्कार घालणं थांबव,” म्हणत रेमिहियानं किल्ली काढून घेतली.

त्याला निजवून ती समोरच्या दुकानातून त्या दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन आली आणि शहरातल्या औषधवाल्या ओदेसाबाईंना फोनवर नावं वाचून दाखवली. दोन्हींत झोप आणणारं एकच औषध होतं, म्हणजे मात्रा दुप्पट झाली होती. बाईंनी बजावलं, आज गाडी नाही, ताडी नाही. हाक मारून तो जागा होईना किंवा श्वास जड झाला तर थेट इस्पितळ. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती दाखवल्याशिवाय शिंकांचं दुसरं औषधही घ्यायचं नाही.

रेमिहिया जपमाळ घेऊन उशाशी बसली. मध्येच हाक मारी.

“पुलो?”

“जिवंत आहे. झोपू दे की.”

त्या कुरकुरीनंही तिला हायसं वाटे. संध्याकाळी त्यानं माशाचं कालवण मागितलं, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि मलाही घासूनपुसून लख्ख केलं. यापुढे विचारल्याशिवाय गोळी घेणार नाही, उद्याच बाईंना भेटतो, असा शब्द पुलोनं तिला दिला.

मित्रांनो, मला वाचता येत नाही, तुम्हाला येतं. नाव, तारीख, आतलं औषध वाचा, कळलं नाही तर विचारा.

दुसऱ्या दिवशी रेमिहिया प्रार्थनेत होती. पुलोनं आपल्या रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट खिशात घातलं, माझ्यातल्या निनावी गोळ्या बाईंकडे देऊन टाकायला पिशवीत भरल्या आणि दार हळूच ओढून घेऊन तो शहराच्या वाटेला लागला.